एक भाग म्हणजे पाव बिस्किट

महिन्याभरात तीन किलो कमी! छाती ठोकून सांगितलं मी बायकोला. तिनं लगेच अट घातली, "नाही उतरलं, तर रोज पहाटे पाचला बाबांबरोबर पळायला जायचं." तिचे बाबा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त व्यायामशिक्षक. शाळा सुटली तरी शिट्टी अजून गळ्यातच आहे. जावई बसलेला दिसला की त्यांचा हात आपोआप शिट्टीकडे जातो!

पण मी निश्चिंत होतो. लेबलं छापणाऱ्या छापखान्यात मी मुद्रितं तपासतो. नुकतंच एका बिस्किटवाल्याचं लेबल माझ्या हाताखालून गेलं होतं. 'हलकंफुलकं! मनसोक्त खा, फक्त वीस कॅलरी!' त्यानं खूश होऊन मला दोन खोकी भेट पाठवली होती. मी जेवण निम्मं केलं आणि बिस्किटं सुरू केली. चॉकलेटची, आत मलई! पथ्य इतकं गोड असतं हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. मनसोक्त म्हणजे रोज एक पाकीट.

दहाव्या दिवशी वजनकाट्यावर उभा राहिलो. दीड किलो वाढ!

"काटा बिघडलाय," मी म्हणालो.

बायकोनं त्यावर पाच किलो पिठाची पिशवी ठेवली. पाच म्हणजे पाचच.

"बाहेर चरताय तुम्ही!"

"अगं, शप्पथ नाही!"

तिनं थेट आमच्या कॅन्टीनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब हल्ली काहीच घेत नाहीत हो. दुखणंबिखणं आहे का?"

झालं! न खाता वजन वाढतंय म्हणजे काहीतरी मोठा आजार, म्हणून ती रडायलाच लागली. डॉक्टरांची वेळ घेतली, सासऱ्यांना बोलावणं धाडलं. मलाही घाम फुटला. त्या धास्तीनं मी दोन पाकिटं संपवली.

सासरे आले, तेव्हा तिसरं माझ्या हातात होतं. त्यांनी ते हिसकावून घेतलं, फाडून सपाट केलं आणि टेबलावरचं माझंच भिंग डोळ्याला लावलं.

"चिकटवलेल्या घडीखाली बारीक काहीतरी आहे. 'वीस कॅलरी एका भागात. एक भाग म्हणजे पाव बिस्किट.'"

बायकोचं रडणं थांबलं. पाकिटात बिस्किटं सोळा. तिनं बोटांवर हिशेब केला. "बाराशे ऐंशी! एका पाकिटात!"

"पाव बिस्किट खातं कोण? उंदीर?" सासरे गरजले. "आणि ही ओळ घडीखाली दडवायची अक्कल कुठल्या गाढवाची?"

"बाबा, खाली यांच्याच छापखान्याचं नाव आहे," बायको म्हणाली.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. बिस्किटवाला म्हणाला होता, ओळ टाकावीच लागते, पण नजरेत भरायला नको. घडीखालची जागा मीच सुचवली होती. दोन खोकी काय उगाच आली? मी फक्त अक्षरं तपासतो, अर्थाशी माझा संबंध नाही. आणि ती ओळ मी इतकी बेमालूम दडवली होती, की खाताना मलाही सापडली नाही!

हल्ली रोज पहाटे पाचला शिट्टी वाजते. मी धापा टाकत मैदानाला फेऱ्या मारतो. सासरे बाकावर दुसरं खोकं मांडीवर घेऊन बसलेले असतात.

"पळा, जावईबापू! मी एकच भाग घेतोय!" ते ओरडतात, आणि बिस्किटाचे चारही भाग एकेक करून घेतात.