मावशीच्या घरातून राणी जात नाही

मंगळवारी संध्याकाळी सौसरात प्रजेने राजाला राजवाड्याबाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

असं काही झालंच नाही, असं विनोदचं ठाम म्हणणं आहे. नाटक ठरल्यासारखंच झालं, राजा मोकळी हवा खायला स्वतःहून बाहेर गेला आणि कडी वाऱ्याने लागली. आपणही तसंच समजू आणि पहिल्यापासून सुरू करू.

विनोद पांढुर्ण्याचा. भोपाळला नाट्यशिबिर करून आला तेव्हापासून साधा रंगमंच दिसला तरी तो तोंड फिरवायचा.

"स्टेज म्हणजे नाटकाचा कोंडवाडा," तो पानठेल्यावर सांगायचा. "मी नाटक थेट लोकाच्या घरात घुसवून राहिलो."

"पडदा कुठं टांगशीन?" पानवाल्याने विचारलं.

"पडदा नाही."

"लाइट?"

"घरचीच."

"खुर्च्या?"

"बिल्कुल नाही."

"मंग सरळ सांग ना बावा, सामान भेटलं नाही म्हणून."

अशा माणसांशी वाद घालायचा नाही, हेही विनोद भोपाळला शिकला होता.

गोष्ट त्याने जुन्या संस्कृत काव्यातली उचलली. एक राजा, त्याची गरोदर राणी. प्रजेतला कोणी तरी राणीबद्दल वाईटसाईट बोलतो, ते राजाच्या कानावर जातं आणि राजा राणीला जंगलात धाडतो. राजवाडा म्हणून ठरलं विनोदच्या मावशीचं, देवकाबाईंचं सौसरातलं दुमजली घर. पुढे दोन खांब, मागच्या दारातून सरळ संत्र्याची बाग. बाग म्हणजे जंगल. जंगलात एक स्पीकर ठेवला होता आणि स्पीकरमध्ये वाघ.

सगळं या एका प्रयोगावर टांगलेलं होतं. नागपूरच्या एका नाट्यमहोत्सवाच्या मालतीताई तो बघायला येणार होत्या. त्यांनी नाटक निवडलं तर विनोद नाटकवाला. नाही निवडलं तर दुसऱ्या दिवसापासून वडिलांच्या कापड दुकानात उभं राहून अस्तर फाडायचं, असं घरात जेवताना ठरलं होतं. ठरवताना विनोद सोडून सगळे बोलले होते.

मंगळवारी मावशीच्या भिशीतल्या बायका आल्या, त्यांचे नवरे आले. मालतीताई मांडीवर पर्स घेऊन भिंतीशी बसल्या. विनोदने हात जोडले. "तुम्ही प्रेक्षक नाही. तुम्ही या राज्याची प्रजा आहात. जे मनापासून वाटेल ते करा. तुम्हाला कोणी अडवणार नाही."

हे वाक्य त्याने भोपाळहून आणलं होतं. तिकडे ते कोणी मनावर घेत नसावं.

राणी होती हिमानी, मोहगावच्या शाळेत शिकवणारी. पोटावर उशी बांधून ती झोपाळ्यावर बसली. राजा झालेला गौरव पुठ्ठ्याचा मुकुट सावरत जिन्यावर उभा राहिला. प्रजेत मिसळून बसलेल्या रोहितने ठरल्याप्रमाणे मोठ्याने कुजबुज केली, "राणीचं काही खरं नाही. लोक बोलून राहिले."

"कोण लोक?" देवकाबाईंनी विचारलं.

असं नाव रोहितच्या संवादात नव्हतं. मूळ काव्यातही नाही. इतक्या शतकांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"लोक म्हणजे... लोक, काकू."

"नाव सांग. मी सौसरातल्या सगळ्याइले ओळखते. अन् तू तिगावच्या अर्चनाचा पोट्टा ना? लावू का तुह्या मायले फोन? सांगते, तुहा पोरगा पोटुश्या बाईबद्दल काय बोलून राहिला ते."

"मी कुठं काय म्हटलं," रोहित म्हणाला. "मी तं पंख्याबद्दल बोलून राहिलो होतो. आवाज करते तो."

झालं. काव्याचा पायाच निघून गेला. पण गौरव कसलेला नट. त्याने पंखा ऐकलाच नाही. हात उंचावून तो गरजला, "राणी, प्रजेच्या सुखासाठी मला तुझा त्याग करावा लागत आहे. याच क्षणी वनात जा."

"आम्ही सुखी आहो," भिशीतली एक बाई म्हणाली. "आमच्यासाठी नको काही."

हिमानी डोळे पुसत मागच्या दाराकडे निघाली. देवकाबाई दारात आडव्या झाल्या.

"बस खाली. माह्या घरातून कोणाचीच सून रडत बाहेर गेली नाही. दोन सुना केल्या म्या. भांडल्या, वेगळ्या झाल्या, पण जेवून गेल्या."

विनोद धावत पुढे आला. "मावशी, नाटक हाय हे."

"मले मालूम हाय."

"तिच्या पोटावर उशी हाय."

"उशी माहीच हाय. मले कायले सांगतं?" त्या हिमानीकडे वळल्या. "कितवा महिना व माय?"

"सातवा," हिमानी म्हणाली. तिने भूमिकेचा अभ्यास केला होता.

"आयक. सातव्यात ओटी भरा लागते का जंगलात धाडा लागते?"

"पण मावशी, हजारो वर्षांपासून ती जाऊन राहिली."

"म्हणूनच तं. बहुत वेळा गेली. आज नाही जात."

प्रजा उठली. नारळ आला, तांदूळ आले, कपाटातला नवा खण आला. कोथिंबिरीची सांभारवडी तळायला पडली. हिमानीला पाटावर बसवून बायकांनी डोहाळजेवणाची गाणी सुरू केली. विनोद तिच्या कानाशी वाकला. "हिमानी, जंगलात जा."

"इतक्या वर्षांत राणीनं गरम काही खाल्लं नसन," हिमानी तोंडातली वडी सांभाळत म्हणाली. "तू जा."

मागे बागेत वाघ वेळेवर सुरू झाला. तो एकटाच गुरगुरत राहिला.

गौरवने शेवटचा जोर लावला. "मी राजा आहे. ही माझी आज्ञा आहे."

"तुले लोकायचं एवढं वाटते ना," देवकाबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग तूच जाय त्याइच्यात राहाले."

त्यापुढचं वर आलं आहे. कडी लावायच्या कामाला वाऱ्याने एकूण चार बायका लावल्या होत्या.

विनोदने धास्तावून मालतीताईंना शोधलं. त्या राणीला हळदीकुंकू लावत होत्या.

"ताई, खरं नाटक असं नाही."

"गप्प बसा," मालतीताई म्हणाल्या. "आयुष्यभर मी ही गोष्ट बघत आले. दरवेळी ती निमूट जाते आणि आम्ही टाळ्या वाजवून घरी जातो. हे नाटक मी घेतलं."

"मीच बसवलंय ते," विनोद ताबडतोब म्हणाला. "अगदी असंच."

"पण हीच प्रजा पाहिजे आणि हेच घर. या जागेपासून नाटक वेगळं करता येत नाही, असं तुम्हीच कळवलंय."

विनोदने मावशीकडे पाहिलं.

"नागपूरले? येईन ना," देवकाबाई म्हणाल्या. "पण घर सोडून मी कुठी राहत नाही."

माघार घेणं विनोदच्या स्वभावात नाही. बुधवारी सकाळी त्याने सौसर स्टेशनवर अर्ज दिला, तो असा:

"महोदय, सविनय निवेदन की नाट्यप्रयोगानिमित्त एक दुमजली घर सौसरहून नागपूरला न्यावयाचे आहे. घर राहते असून प्रवासात मावशी आतच राहतील. स्वयंपाक घरीच होईल, तरी जेवणाची सोय करू नये. घरास चारही बाजूंनी खिडक्या असल्याने खिडकीजवळच्या जागेची मागणी नाही. मात्र मावशीला उलट्या दिशेने बसल्यास गरगरते, सबब घराचे तोंड नागपूरकडे ठेवण्याची कृपा करावी."