मंजूर दाढ

हिंदी मुलखातल्या एका शहरात, कांचघर नावाच्या वस्तीत राहणारे रत्नाकर गजभिये यांचा उजवा गाल एका सोमवारी सकाळी कोणतीही पूर्वसूचना न देता सुजला. वय चौपन्न, नोकरी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात, विभाग भांडार, पद वरिष्ठ लिपिक. भांडारातून साधा खिळा बाहेर पडायचा म्हटलं तरी त्याला तीन सह्या लागत, आणि त्यांतली मधली सही तीस वर्षं रत्नाकररावांची होती. बिनासहीचा खिळा आपल्या हातून कधी गेला नाही, हे ते पाहुण्यांना चहा येण्याच्या आधीच सांगून टाकत.

त्यांच्या बायकोने, लतिकाबाईंनी, गाल पाहिला आणि त्यांना थेट राइट टाउनला डॉ. अवंतिकाकडे नेलं. अवंतिका त्यांच्या मुलीची, प्रणोतीची, शाळेतली मैत्रीण. तिने एक्स-रे काढला आणि सांगितलं, की खालची उजवी अक्कलदाढ हिरडीत आडवी पडून शेजारच्या दाढेला ढकलते आहे आणि आत पू झाला आहे.

"पाच दिवस गोळ्या घ्या, काका. शनिवारी सूज उतरली की काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम. येताना हलकं खाऊन या, बीपीची गोळी चुकवू नका, सोबत कुणाला तरी आणा. आणि घरी दोन-चार दिवस मऊ खायची तयारी ठेवा. पण शनिवार टाळू नका हं. गोळ्या संपल्यावर पू पुन्हा भरला आणि मानेत उतरला, तर जिवाशी खेळ होतो."

"ते ठीक आहे," रत्नाकरराव म्हणाले, "पण परवानगीचं काय?"

"कोणाची? काकूंची?"

"खात्याची. ही नियोजित शस्त्रक्रिया झाली. तिला पूर्वपरवानगी लागते."

"काका, दाढ तुमची आहे."

"दाढ माझी आहे. पण मी सेवेत आहे."

आता खरं सांगायचं तर हा नियम खात्याकडून खर्च मागणाऱ्यांसाठी होता, आणि रत्नाकरराव खर्च मागणारच नव्हते. पण एखादा नियम असावा आणि तो आपल्याला लागू नसावा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. गालापेक्षा तीच जास्त ठणकू लागली.

तेव्हा त्या घरात एकाच दाढेच्या दोन तयाऱ्या सुरू झाल्या. लतिकाबाईंनी बर्फ जमवला, मुगाची डाळ निवडली, खिरीसाठी रवा भाजून ठेवला, डोकं उंच राहावं म्हणून जाड उशी उन्हात टाकली. रत्नाकररावांनी एक नवी फाइल, टॅगची जुडी आणि कार्बन पेपर आणला.

अर्जात तोंडाचं एक चित्र छापलेलं होतं. वर सोळा, खाली सोळा. जो दात काढायचा, त्यावर फुली मारायची. रत्नाकरराव काम अंदाजाने करणारे नव्हेत. ते आरशासमोर उभे राहिले, बोटाने गाल ताणला, दाढ नीट पाहिली, आणि आरशात ज्या बाजूला दिसली त्याच बाजूला चित्रात फुली मारली. कार्बनवर विश्वास नको म्हणून तिन्ही प्रतींसाठी तीन वेळा आरशात पाहिलं. ते चित्र रुग्णाच्या समोर बसलेल्या डॉक्टरच्या नजरेने काढलेलं असतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. फुली मारली, खाली सही ठोकली आणि लिहिलं, "स्वतः पडताळून प्रमाणित."

वैद्यकीय शाखेत ललित वाकोडे नावाचे बाबू होते. त्यांनी अर्ज घेतला, रत्नाकररावांचं सेवापुस्तक उघडलं आणि एका पानावर बोट ठेवलं.

"गजभियेजी, भरतीच्या वेळी तुमचे दात अठ्ठावीस. डॉक्टरच्या सहीनं लिहून आहे. मग ही दाढ कुठून आली?"

"मागून उगवली."

"अच्छा. कधी?"

"झाली असतील पंचवीस वर्षं."

"पंचवीस वर्षं! आणि खात्याला कळवलं नाही?" ललितबाबूंनी चष्मा काढला. "सेवाकाळात नवीन चीज आली, तुम्ही ती वापरून राहिले, आणि रेकॉर्डवर तिचा पत्ता नाही. जी वस्तू जमेला नाही ती खर्ची कशी टाकू? तुमच्या भांडारात तुम्ही टाकू देता काय?"

"नाही," रत्नाकरराव म्हणाले. आणि खरं सांगतो, त्या ठणक्यातही त्यांचा ऊर भरून आला. आपल्यासारखा विचार करणारा माणूस याच कारखान्यात, दोन इमारती पलीकडे बसतो, हे त्यांना तीस वर्षं ठाऊक नव्हतं.

दाढ जमा करून घेण्यासाठी तीन सदस्यांची दंतगणना समिती बसली. गुरुवारी समितीने रत्नाकररावांना खुर्चीत बसवून, मोठ्याने आकडे म्हणत, दात मोजले. तीस भरले. पुन्हा मोजले. तीसच. खाली उजवीकडे एक दाढ वाढीव होती तशी डावीकडेही एक होती. धडधाकट, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"वाढीव दोन आणि अर्ज एकाचा," ललितबाबू म्हणाले. "दुसरी लपवून काहून ठेवली, याचा खुलासा द्या."

रत्नाकररावांनी खुलासा दिला : "सदर दाढ दुखत नसल्याने तिचे अस्तित्व लक्षात आले नाही." त्यावर शेरा आला : "खुलासा समाधानकारक नाही. तथापि पुढे पाठवावा." सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्याने काढली त्याची दाढ नक्कीच दुखत नसणार.

शनिवार आला. सूज उतरली होती, गोळ्या संपल्या होत्या. अवंतिकाचा दोनदा फोन आला. लतिकाबाई लुगडं बदलून, पिशवीत पाण्याची बाटली घालून तयार. रत्नाकरराव खुर्चीतून हलेनात.

"अहो चला नं! पोरगी वाट पाहून राहिली."

"कागद आला नाही."

"कागदाले दाढ दुखते का तुमची? काढून घ्या आज. परवानगी येईल तेव्हा येईल."

"लतिका, उद्या प्रत्येक जण आधी दात काढेल आणि मग परवानगी मागेल. देश कसा चालायचा?"

देश चालला. गाल मात्र मंगळवारी परत फुगला. तोंड एका बोटाएवढंच उघडू लागलं. पोळी तर दूरच, लतिकाबाईंनी केलेली खीरही चमच्याच्या टोकाने आत सरकवावी लागे. अवंतिकाने फोनवर नव्या गोळ्या सांगितल्या आणि बजावलं, "काकू, गोळ्यांनी वेळ निभेल, दाढ नाही निभणार." लतिकाबाई घाबरून गेल्या. रात्री नवऱ्याचा श्वास चालू आहे ना, हे त्या हात लावून पाहू लागल्या. प्रणोतीने बापाला हिंदीत, मराठीत आणि रडून, असं तिन्ही प्रकारे समजावलं. रत्नाकरराव पाटीवर लिहून उत्तर देत. उत्तर एकच : "प्रकरण विचाराधीन आहे."

पुढच्या शुक्रवारी मंजुरी आली. गोल शिक्का, हिरव्या शाईची सही, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. "श्री. गजभिये यांची खालची डावी अक्कलदाढ काढण्यास परवानगी देण्यात येत आहे. मुदत : उद्या सायंकाळपर्यंत."

रत्नाकररावांनी कागद दोनदा वाचला. मग एकेका गालाला हात लावून खात्री केली आणि ललितबाबूंच्या टेबलाशी जाऊन सुजलेल्या गालाकडे बोट दाखवलं.

"मग चित्रात तिकडे फुली कोणी मारली?" ललितबाबूंनी फाइल पुढे केली. "ही पहा. एक, दोन, तीन. तिन्ही प्रतींत डावी. वर लिहून दिलं, स्वतः पडताळून."

रत्नाकररावांनी पाटीवर लिहिलं : "दुरुस्ती?"

"होते नं. आधी ही मंजुरी रद्द करायला वर पाठवावी लागते. दीड महिना धरून चला. मग नवा अर्ज." ललितबाबूंना त्यांची दया आली. माणूस मनाचा वाईट नव्हता. ते खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "घरचे समजून एक सांगू? जी मंजूर झाली ती काढून टाका. मग दुसरीच्या अर्जावर मी लिहितो, 'याच कर्मचाऱ्यास याच कारणासाठी यापूर्वी मंजुरी दिलेली आहे.' पहिलं उदाहरण फाइलला असलं की साहेब डोळे मिटून सही करतात. आठ दिवसांत काम होऊन जाईल."

आता इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? कागद फाडून टेबलावर भिरकावला असता, असं आपण म्हणतो. रत्नाकररावांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. दीड महिन्यापेक्षा आठ दिवस कमी असतात. हिशेबात चूक काढून दाखवा.

शनिवारी सकाळी ते कोणाला न सांगता एकटेच निघाले आणि अवंतिकापुढे कागद ठेवला. तिने तो वाचला, त्यांच्या गालाकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"काका, चांगली दाढ मी काढणार नाही. उजवी काढते. आत्ता. बसा खुर्चीत."

रत्नाकररावांनी कागदावरच्या 'डावी' या शब्दाखाली बोट ठेवलं, नकारार्थी मान हलवली आणि ते बाहेर पडले. शहर मोठं आहे. दुसऱ्या एका गल्लीत त्यांना शिक्क्याचा मान राखणारा डॉक्टर भेटला. त्याने गाल पाहिला नाही, कागद पाहिला. निरोगी दाढ हाडात पाय रोवून उभी होती. तिने सव्वा तास झुंज दिली. पण मंजुरीपुढे कुणाचं चाललंय!

घरी आले ते दोन्ही गाल सारखे फुगवून. लतिकाबाईंनी डाव्या बाजूचा कापूस पाहिला.

"दुखत होती ती तर उजवी नं?"

रत्नाकररावांनी कागद पुढे केला. लतिकाबाईंनी तो शेवटच्या जावक क्रमांकापर्यंत वाचला. "तीस वर्षं तुमच्या कारखान्याचा डबा भरला मी," त्या रडत म्हणाल्या, "एक दिवस मले विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं नं, कोणती दुखते ते!" रत्नाकररावांना फार वाईट वाटलं. पण तोंड उघडत नव्हतं. त्यांनी कागद परत घेतला आणि फाइलला लावला.

रविवारी सकाळी ताप चढला. थुंकी गिळवेना, सूज जबड्याखाली उतरली. लतिकाबाईंनी एक बाजू धरली, प्रणोतीने दुसरी, आणि दोघींनी त्यांना ऑटोत कोंबलं. ते हाताने हवेत काहीतरी लिहून दाखवत होते. बहुधा अर्ज.

"पप्पा, अब चुप," प्रणोती म्हणाली. "एकदम चुप बसायचं."

अवंतिकाने सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडला. पू काढला, दाढ काढली. पंचवीस मिनिटं. "आणखी एक दिवस गेला असता ना काकू," ती हात धुता धुता म्हणाली, "तर मी हातच लावला नसता. सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं." लतिकाबाईंनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

आठ दिवसांनी रत्नाकरराव कामावर रुजू झाले आणि प्रामाणिकपणे वैद्यकीय शाखेत जाऊन सगळं सांगून मोकळे झाले. ललितबाबूंचा चेहरा उतरला.

"विनापरवानगी काढली? हे कागदावर घेतलं तर चौकशी लागेल, गजभियेजी. तुमच्यावरही, माझ्यावरही." त्यांनी एक छापील फॉर्म पुढे सरकवला. "वार्षिक तपासणीचा आहे. इथे भरा. दात एकोणतीस. खालची उजवी अक्कलदाढ : आहे."

रत्नाकररावांनी जिभेने तिकडची खोल, ओली जागा चाचपून पाहिली. मग पेन उघडलं, 'आहे' लिहिलं आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच सुरेख आली.

हसताय ना? हसा. पण तुम्हाला शाळेत घालताना मास्तरांनी दाखल्यावर जन्मतारीख म्हणून एक जुलै टाकली होती, आणि तुमची आई मात्र जन्मभर सांगत आली, की तू झालास तेव्हा अंगणात होळी पेटली होती. मार्कशीट, आधार, पॅन, पासपोर्ट, सगळीकडे तुम्ही एक जुलै लिहून खाली सही केलीत, "वरील माहिती खरी आहे." आणि मागच्या एक जुलैला बँकेचा शुभेच्छांचा मेसेज आल्यावर तुम्ही घरी जाताना केक घेऊन गेलात.