वाळत घातलेली कुंची

तान्हं नुकतंच झोपलं होतं. घर अगदी गप्प होतं, आणि तेवढ्यात मांडणीवरची पितळी वाटी शेजारच्या तांब्याला लागून किणकिणली. भागिरथी पिठाच्या हातांनीच बाहेर धावली. वाटी वाजली म्हणजे खर्डा गावाकडच्या वळणावर लॉरी आली, हे तिला वर्षभरात पाठ झालं होतं.

तिची पाच वर्षांची मुक्ता विहिरीकडून येताना रस्त्याच्या मधोमध उभी राहून पायातला काटा काढत होती. भागिरथीनं तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. लॉरी भोंगा देत, धूळ उडवत निघून गेली.

"थांबला का गं मेला?" आतून सासूनं, लंकाबाईनं विचारलं.

"थांबतोय कशाला, आत्याबाई! भोंगा तेवढा दिला."

"दिला ना? लई उपकार झाले."

रस्ता दुष्काळाच्या साली झाला होता. त्याची खडी भागिरथीनं आणि वस्तीवरच्या बायांनीच फोडलेली. पूर्वी तिथून बैलगाडीसुद्धा कण्हत जायची; आता लॉऱ्या वाऱ्यासारख्या सुटत. घर अलीकडं, विहीर पलीकडं. गाड्या इथं हळू जाव्यात म्हणून नवऱ्यानं, सहादेवनं, दोनदा अर्ज दिला. रस्त्याच्या खात्याकडून उत्तर आलं, की सदर ठिकाणी अपघात झाल्याची नोंद नाही.

"मंग आदी नोंद करून या म्हनत्यात व्हय?" लंकाबाईनं विचारलं होतं.

त्या दिवशी बाळानं कुंची भिजवली. मामानं आणलेली, लालभडक, पाठीवर लांब सोडायची कुंची. दोरीवर जागा नव्हती म्हणून भागिरथीनं ती रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात खोचलेल्या काठीवर अडकवली आणि घरात वळली.

करकचून ब्रेक लागला. यष्टी उभी राहिली. ड्रायव्हर सूर्यभान खाली उतरून रस्ता न्याहाळू लागला.

"वयनी, खड्डा कुठं पडलाय?"

"खड्डा? न्हाई बा."

"मंग लाल निशान कशाचं? लाल दिसलं की गाडी उभी करायची, नेम हाय आमचा."

भागिरथी काही बोलायच्या आत शेजारची रंगुबाई बोचकं घेऊन गाडीत चढली. वर्षभर ती रस्त्याकडेला हात हलवत होती. आज गाडी आपण होऊन दारात आली, ती सोडते कशाला?

दुसऱ्या दिवशी कुंची कोरडी होती. भागिरथीनं तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि काठीवर नेऊन घातली. लॉऱ्या वळणावरच मंदावू लागल्या. ड्रायव्हर खड्डा शोधत हळूहळू पुढं सरकत, आणि न सापडलेल्या खड्ड्याला शिव्या देत निघून जात. मांडणीवरची वाटी वाजेनाशी झाली. किती महिन्यांनी भागिरथी दुपारी लेकराशेजारी डोळे मिटून पडली.

"रस्त्याच्या डोक्याला कुंची, आन् लेकराचं डोकं उघडं!" लंकाबाई म्हणाली. पण दुपारी कुंची वाळली, की गुपचूप पाणी मारून यायची ती तीच.

आठ दिवसांत लोक कुंचीपाशी उभे राहायला लागले. कंडक्टरही "कुंचीवाले उतरा!" म्हणून ओरडू लागला. एवढा बोभाटा झाल्यावर खात्याला कळायला कितीसा वेळ? जीप आली. ओव्हरशियरसाहेब उतरले.

"इथं काम चालू नाही. हे निशाण कुणी लावलं?"

"निशान न्हाई, सायेब. कुंची हाय. वाळत घातलीया."

"आठ दिवस वाळतेय?"

"ल्हान लेकरू हाय, सायेब. रोज भिजवतंय."

साहेबांनी बाळाकडं पाहिलं. बाळानं तेवढ्यात आईची मांडी भिजवून साक्ष दिली. साहेबांनी मिशीतलं हसू आवरलं.

"बाई, रस्ता नेमानं चालतो. रीतसर पाटी लावतो. पण पाटी लागली, की ही कुंची मला जप्त करावी लागेल."

पंधरा दिवसांनी पाटी आली, आणि कुंची सरकारी चिठ्ठी चिकटवून जीपमध्ये गेली. पांढऱ्या रंगावर काळी ठसठशीत अक्षरं: 'सावकाश जा'. सहादेवनं तिला नारळ फोडला. आणि संध्याकाळच्या आत मांडणीवरची वाटी पुन्हा किणकिणायला लागली. भागिरथी पुन्हा पिठाच्या हातांनी धावू लागली.

पुढच्या सोमवारी साहेब तपासणीला आले. वही उघडून पाटीखाली उभे राहिले. पहिली लॉरी गेली. साहेबांची टोपी पार चिंचेच्या झाडापर्यंत उडाली. दुसऱ्या लॉरीला त्यांनी हात केला, तर ड्रायव्हरनं उलट रामराम केला. तिसरी गेली तेव्हा साहेब उडी मारून रस्त्याकडेच्या बाभळीआड बसलेले होते.

भागिरथीनं पाणी दिलं. साहेब धूळ झटकून जीपकडं गेले. सीटखालून कागदात बांधलेलं पुडकं काढलं. कुंचीला सरकारी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी कुंचीवर ओतलं आणि ती पाटीच्या डोक्यावर नीट बांधली.

"सायेब, निशान लावताय?" लंकाबाईनं दारातून विचारलं.

"छे हो, आजी," साहेब इकडंतिकडं बघत म्हणाले, "वाळत घालतोय."

वळणावर लॉरी दिसली. कुंची दिसताच मंदावली, पाटीपाशी जवळजवळ थांबली आणि मग सावकाश पुढं गेली. वाटी वाजली नाही. मुक्ता आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बराच वेळ त्या रिकाम्या कुंचीकडं बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "कुंचीत तर कुनीच न्हाई, तरी थांबली. मंग त्या दिवशी मी हुते, तवा का न्हाई थांबली?"