मोहाची क्रीम आणि बकऱ्याचे डोळे

सशाच्या डोळ्यात काहीही न घालता क्रीमची परीक्षा करून दाखवतो, असं मी मूल गावातल्या आमच्या कॉलेजात भर स्टाफरूममध्ये जाहीर केलं. प्राचार्य गुणवंतराव चहाचा कप घेऊन शेजारीच उभे होते. मी प्राणिशास्त्र शिकवतो. प्रयोगासाठी जनावरांचा छळ नको, हे मी दरवर्षी इतक्या कळकळीने सांगतो की मागच्या बाकावरची मुलंही घटकाभर मोबाइल खाली ठेवतात.

क्रीम होती धानोऱ्याच्या रुखमाबाईंच्या बचत गटाची. मोहाच्या बियांचं तेल काढून बायांनी ती चेहऱ्याला लावायला बनवली होती. नागपूरच्या एका दुकानदाराला ती आवडली, पण डोळ्यात गेली तर इजा होत नाही याची खात्री त्याला हवी होती, आणि तीही सशांना त्रास न देता. मी रुखमाबाईंना म्हटलं, निश्चिंत राहा.

पद्धत सोपी असते. बकऱ्याचे डोळे खाटीक फेकूनच देतो. ते ताजे आणून थंड ठेवायचे आणि त्यांच्यावर क्रीम लावायची. बुबुळावरचा पडदा काचेसारखा राहिला तर माल चांगला, पांढुरका झाला तर वाईट. आमच्या खाटकाने, जाहिदभाईंनी, डोळे लगेच काढून दिले. फक्त विचारलं, सर, घरी सगळं ठीक आहे ना?

मिठाच्या पाण्यात घालून ते मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. नेमक्या त्याच दिवशी सासूबाई सुगंधाबाई गडचिरोलीहून आल्या. जावयाला काही समजत नाही, आइस्क्रीमचं पाणी होईल, असं म्हणून त्यांनी डबा न उघडताच वरच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवला. सकाळी डब्याचा दगड झाला होता.

गोठलेला डोळा या परीक्षेला चालत नाही, हे मला माहीत होतं. पण प्राचार्य येणार होते, मुलं येणार होती, जाहिदभाईंचं दुकान त्या दिवशी बंद होतं. मी डबा नळाखाली धरला आणि बर्फ म्हणजे शेवटी पाणीच, अशी मनाची समजूत घातली.

प्रयोगशाळेत सगळ्यांच्या देखत क्रीम लावली, धुतली. डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे. आधीही ते जरा धुरकटच दिसत होते, पण तेव्हा मी भाषण देत होतो. सगळ्यांसमोरच मी जड आवाजात रुखमाबाईंना फोन लावला. ही क्रीम डोळे घालवेल, म्हणालो, सगळी पुरून टाका.

मग त्या म्हणाल्या, "तुमी म्हणता तं पुरतो, सर."

संध्याकाळी सासूबाईंनी तो डबा मागितला, लोणचं न्यायला. धुवायला गेलो तर तळाशी एक डोळा राहून गेलेला. क्रीम त्याला शिवलीही नव्हती, आणि तोही तितकाच पांढरा. मी ओल्या हातानेच मोबाइल काढला. रुखमाबाईंना फोन लावला, तोवर शेवटची बरणीही खड्ड्यात रिकामी झाली होती. पुन्हा तपासून सांगतो, एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ताजे डोळे आणून परीक्षा पुन्हा केली. काच. क्रीममध्ये काहीच खोट नव्हती. हे फोनवर सांगणं मनाला पटेना, म्हणून धानोऱ्याची बस धरली.

गटातली एकही बाई घरी सापडली नाही. सगळ्या सरकारी दवाखान्यात. आमच्या एका विद्यार्थ्याने माझं भाषण त्या फोनसकट मोबाइलवर पसरवलं होतं आणि ज्यांनी ज्यांनी क्रीम लावली त्या सगळ्या डोळे दाखवायला रांगेत होत्या, नवऱ्यांसकट. एक आजोबा तर क्रीम न लावताच आले होते, आयती तपासणी आहे म्हणून.

मी रुखमाबाईंना सगळं सांगितलं. गोठलेला डबा, माझी घाई, भाषण. काही लपवलं नाही. व्हरांड्यातली सगळी रांग ऐकत होती. उन्हातान्हात रानात फिरून वेचलेल्या बिया होत्या त्या, आणि आता पुढच्या हंगामापर्यंत मिळणार नव्हत्या.

"आमाले समजत नाई म्हणून तं तुमच्याकडे आलो होतो," रुखमाबाई म्हणाल्या. "थोडं तेल बाकी हाय, त्याची बनवतो. पन नागपूरवाल्याले फोन तुमी लावा. मले जे सांगतलं तेच सांगा."

मी तिथेच फोन लावला. त्यांनी स्पीकर चालू करायला लावला. पूर्ण रांगेने माझा कबुलीजबाब पुन्हा एकदा ऐकला. दुकानदार म्हणाला, माल पाठवा, पण परीक्षा दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.

मी फोन खिशात ठेवला. रुखमाबाई म्हणाल्या, "डाक्टर म्हणाले, आमचे डोळे चांगले हाय. तुमी बी दाखवून घ्या."

मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो. पुढे ते आजोबा होते. त्यांना ऐकायला कमी येत होतं, तेवढंच माझं नशीब. वळून त्यांनी विचारलं, "तुमी बी लावली होती का क्रीम?"

मी हो म्हणून मान डोलावली. खरं दोनदा सांगून झालं होतं, तिसऱ्यांदा सांगायची ताकद अंगात उरली नव्हती.