भुऱ्याची शेवटची परीक्षा

भिवाजी गुरुजींनी पारावर सगळ्यांसमोर जाहीर केलं, की दोन महिन्यांत मेडशीत झिपऱ्याचं नाव काढणारा माणूस शिल्लक राहणार नाही!

झिपऱ्या म्हणजे शेजारच्या प्रेमसिंगचा कुत्रा. केस झडलेला, एक कान फाटका. गेल्या साली प्रेमसिंग मोटारसायकलसकट नाल्यात पडला, तेव्हा ह्याने रस्त्याच्या मधोमध उभं राहून भुंकून भुंकून एसटी थांबवली होती. तेव्हापासून कंडक्टर फाट्यावर उतरून झिपऱ्याला बिस्किटं घालायचा. गुरुजी पस्तीस वर्षं त्याच एसटीने शाळेत गेले. त्यांना कधी कोणी सरकून जागा दिली नव्हती. ती बिस्किटं कुत्रा खायचा आणि अडकायची गुरुजींच्या घशात.

म्हणून त्यांनी भुऱ्या नावाचा कुत्रा पाळला आणि त्याची शाळा सुरू केली. धडा सोपा होता. गुरुजींनी शेतात आडवं पडून शिट्टी वाजवायची, भुऱ्याने घरी पळत जाऊन भुंकायचं आणि बक्षीस म्हणून त्यांच्या बायकोने, भागिरथाबाईंनी, त्याला अर्धी भाकर घालायची. पहिल्या दिवशी बाई घाबरून शेतात धावत आल्या, तर गुरुजींनीच त्यांना दटावलं.

"तू येत जाऊ नको. शिकवण्यात खंड पडते. भाकर घाल अन् त्याले वापस पाठव."

शेजारच्या शेतातल्या लोकांनाही त्यांनी हीच ताकीद दिली.

दोन महिन्यांत भुऱ्या पक्का तयार झाला. शेवटच्या परीक्षेसाठी गुरुजींनी आपली आटलेली विहीर निवडली. मोबाईल मुद्दाम घरी ठेवला; खऱ्या संकटात रेंज नसतेच, असं त्यांचं मत. शिडीवरून अर्धे उतरले आणि कडकन आवाज झाला. गुरुजी गाळात बसले, शिडीचे दोन तुकडे त्यांच्या दोन्ही बाजूंना.

परीक्षा आता खरीच होती. त्यांनी शिट्टी फुंकली आणि सुट्टीची घंटा झाल्यासारखा भुऱ्या सुटला. पाव तासात परतला, काठावरून डोकावला आणि जिभल्या चाटत बसला. मागे माणूस नाही. गुरुजींनी पुन्हा शिट्टी फुंकली. भुऱ्या पुन्हा गेला, पुन्हा आला. शेजारच्या शेतात शिट्टी ऐकू जात होती. पण गुरुजींची शाळा भरली म्हणत लोक आपलं काम करत राहिले. सातव्या खेपेला भुऱ्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं आणि भाकरीच्या वासाने झिपऱ्या त्याच्या मागोमाग आला होता.

झिपऱ्याने विहिरीत पाहिलं आणि असा काही ओरडला, की दोन शेतं ओलांडून प्रेमसिंग धावत आला. त्याने खाली वाकून पाहिलं.

"गुरुजी, दोर टाकू, का परीक्षा आणखी चालू हाये?"

गुरुजींनी मान खाली घालून दोर धरला. ते वर आल्यावर प्रेमसिंगने खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. "झिपऱ्याचा हाये, पण खा तुमी. भूक लागली असन." कुत्र्याचा खाऊ खाण्याइतके आपण खाली आलेलो नाही, असं मनाशी म्हणत गुरुजींनी तो खिशात कोंबला.

घरी आले तर भागिरथाबाई कौतुकाने फुलून गेल्या होत्या.

"लय हुशार झाला तुमचा भुऱ्या! आज सात खेपा केल्या त्यानं. भाकरी सरल्या, मंग तुमच्या वाटची बी त्यालेच घातली."

गुरुजी आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि पुडा फोडला.

एकही बिस्कीट घशात अडकलं नाही.