थेंबेसाहेबांनी गळती थांबवली

"या वर्षी तुला तुझ्या ताईकडे असा पोहोचवतो की ती दारातच विचारेल, अंगावर घ्यायला शाल देऊ का," थेंबेसाहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

बायकोने पेपरातून डोकं वर काढलं नाही. नवरा एवढं मोठं बोलायला लागला की गाडीचा विषय निघालेला असतो, हे तिला तीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

थेंबे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर होते. लोखंडी दांडीचं एक टोक रस्त्याला आणि दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. कुठेही थेंब पडताना दिसला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा वरिष्ठांच्या घरी सहज भेटायला गेले असताना ते हात धुवायला म्हणून आत गेले आणि नळाचा वॉशर बदलूनच बाहेर आले. तेव्हापासून खात्यात त्यांचं नाव थेंबेसाहेब पडलं, ते निवृत्तीनंतर घरापर्यंत आलं.

त्यांची गाडी सतरा वर्षांची होती. एसी वापरात नसला की त्याची रबरं सुकतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. म्हणून ते दर रविवारी न चुकता दहा मिनिटं एसी चालवत. कडाक्याच्या थंडीत हा माणूस इमारतीखाली बंद गाडीत मफलर गुंडाळून, एसी लावून एकटाच बसलेला असे. शेजारची माणसं पोरांना सांगत, तिकडे बघू नका.

एवढं करूनही मागच्या उन्हाळ्यात, ताईच्या गावाला जाताना, एसीने अर्ध्या वाटेत मान टाकली. पुढचा सव्वा तास खिडक्या उघड्या टाकून गरम वारा आणि धूळ खात गेला. ताईने दार उघडलं, धाकट्या बहिणीचे कपाळाला चिकटलेले केस पाहिले आणि गोड आवाजात विचारलं, "चालत आलात का?"

हे तीन शब्द बायकोने वर्षभर जपून ठेवले होते.

आता तिने पेपर बाजूला ठेवला. "एक ठरवून टाकू. मी ताईच्या दारात कोरडी उतरले, तर गाडी तुमची. तुम्ही आणि ती काय वाटेल ते करा. नाही उतरले, तर किल्ली माझ्या हातात द्यायची. मग मी ती भंगारात घालेन, नाहीतर स्वतः चालवेन."

भंगाराचं थेंबेसाहेबांना एवढं वाटलं नाही. 'स्वतः चालवेन' ऐकून मात्र त्यांनी रिकामाच कप पुन्हा तोंडाला लावला. बायकोकडे वीस वर्षांपासून लायसन्स होतं, आणि वीस वर्षं ते तिला सांगत आले होते की या गाडीच्या क्लचला तुझ्या पायाची सवय नाही.

"कबूल," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ते लगेच कामाला लागले. मिस्त्रीने दोन दिवस गाडी ठेवून घेतली. डॅशबोर्डमागचा फिल्टर काढला, तर त्यात वाळलेली पानं, पिसं आणि कुणा उंदराने सोडून दिलेला संसार निघाला. पुढची जाळी धुतली, एक रबर बदललं, गॅस भरला. गाडी सुरू करून त्याने थेंबेसाहेबांना आत बसवलं. पाच मिनिटांत त्यांच्या चष्म्याच्या काचा गार लागायला लागल्या.

"साहेब, आता एकच करायचं," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"काही करायचं नाही. नुसती चालवायची."

हा सल्ला सोडून बाकी सगळं थेंबेसाहेबांना पटलं.

शनिवारी दुपारी त्यांनी इमारतीखाली एसी लावून शेवटची चाचणी घेतली. अर्ध्या तासाने उतरले आणि सवयीने खाली बघितलं. गाडीखाली ओल होती. ओलीच्या मधोमध, दर दोन सेकंदांनी, एक थेंब पडत होता.

ते जागच्या जागी उकिडवे बसले. बोट लावलं. वास घेतला. मग बोट जिभेला लावलं. क्लोरीन नव्हतं, म्हणजे खात्याचं पाणी नव्हे. तेल नव्हतं. मात्र पाणी चांगलंच गार होतं, आणि तिथेच त्यांना उलगडा झाला. मिस्त्रीने भरलेला गारवा थेंबाथेंबाने जमिनीवर चालला होता. या हिशेबाने ताईच्या घरापर्यंत एसीत काही उरलंच नसतं. मागच्या वर्षी नेमकं हेच झालं असणार. मिस्त्री लोकांना पाण्यातलं काय कळतं?

जुन्या पुठ्ठ्यावर पाठ टेकून ते गाडीखाली सरकले. एक बोटभर रबरी नळी खाली लोंबत होती आणि तिच्या तोंडातून उघड उघड गळत होतं. घरात दोन रंगांचा तो मसाला कायम असे, एकत्र मळून फुटक्या नळाला लावायचा. त्यांनी अख्खं पाकीट मळलं, एक गोळी करून नळीच्या तोंडात कोंबली आणि अंगठ्याने दाबून धरली. थेंब थांबला. निवृत्तीनंतर इतकं समाधान त्यांना मिळालं नव्हतं.

ते तासाभराने वर आले.

"एवढा वेळ?" बायकोने विचारलं.

"चांगल्या कामाला वेळ लागतोच," ते म्हणाले आणि मसाल्याचं रिकामं पाकीट कचऱ्यात टाकून हात धुवायला गेले.

रविवारी सकाळी दोघं निघाले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत खरोखरच गार होतं. बायकोने मुद्दाम फिकट रंगाचे कपडे घातले होते. पायात ताईला दाखवायला घेतलेल्या नव्या मखमली सँडल होत्या. तासाभराने तिने ओढणी खांद्यावर ओढून घेतली.

"थंडी वाजतेय का?" थेंबेसाहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"थोडीशी," ती म्हणाली. त्या एका शब्दावर ते पुढचे दहा किलोमीटर हवेत होते.

मग सिग्नलला ब्रेक लावल्यावर कुठूनतरी आवाज आला. डुबुक.

"बाटलीचं झाकण नीट लाव," ते म्हणाले.

"बाटली मागे आहे. आणि रिकामी आहे."

पुढच्या वळणावर पुन्हा डुबुक झालं. आता बायकोने त्यांच्या पोटाकडे बघितलं. "सकाळी काय खाल्लंत तुम्ही?"

थेंबेसाहेबांनी गाडी कडेला घेतली. पाण्याचा आवाज बत्तीस वर्षं ऐकलेल्या कानाला कुणी शिकवायची गरज नव्हती. डिकीतून आपली जुनी दांडी काढून त्यांनी बॉनेटला लावली, दाराला लावली, डॅशबोर्डला लावली. उभ्या गाडीत आवाज येईना. मग त्यांनी दांडी रस्त्याला लावली आणि डोळे मिटले. येणारे जाणारे वेग कमी करून बघत होते. बायकोने पर्स तोंडासमोर धरली.

"गाडीत काही नाही," ते परत येऊन म्हणाले. "रस्त्याखालचा पाइप फुटलाय."

"पण आवाज गाडीबरोबर चाललाय."

"पाइपही रस्त्याबरोबरच जातो."

त्यांनी डायरीत जागा लिहून घेतली. पुढे चार वेळा आवाज आला, चार वेळा त्यांनी जागा लिहिली आणि इथल्या खात्यात एकही जाणता माणूस उरलेला दिसत नाही असं दर वेळी म्हणाले. स्वतः फोन करून खात्याला कळवायचं त्यांनी मनाशी ठरवलं.

ताईची गल्ली आली. घर दिसायला लागलं. ताई आणि तिचे यजमान फाटकाशीच उभे होते. फाटकाच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर होता आणि साडूसमोर झोकात थांबायचं म्हणून थेंबेसाहेबांनी तिथे जरा जोरातच ब्रेक दाबला.

डॅशबोर्डखालून पाण्याचा लोंढा आला आणि सरळ बायकोच्या पायांवर पडला. बर्फासारखं पाणी. ती किंचाळली. गाडी पुढे आदळली तसा दुसरा लोंढा आला आणि तो गुडघ्यांपर्यंत पोहोचला.

"घाबरू नकोस," थेंबेसाहेब म्हणाले. त्यांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं. "स्वच्छ आहे."

बायको उतरली. सँडल पचपचत होत्या. ताईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. वर सगळं कोरडं होतं, केस जागच्या जागी होते. ताईचा आवाज अजूनही तसाच गोड होता.

"या वेळी पोहत आलात का?"

साडू शांत माणूस. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं. "अहो, ही नळी कुणीतरी बुजवलीय."

"गळत होती," थेंबेसाहेब म्हणाले.

"गळायलाच हवी. हवेतली वाफ एसीत गार होते, तिचं पाणी होतं, ते इथून बाहेर पडतं. थेंब पडतोय म्हणजे एसी झकास चाललाय."

थेंबेसाहेब फाटकाच्या कट्ट्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच थेंबाबद्दल कुणीतरी चांगलं बोलताना त्यांनी ऐकलं होतं, आणि या वयात ते त्यांना झेपेना.

साडूंनी सुरीने नळीचं बुजलेलं टोक कापून टाकलं. उरलेलं पाणी भडाभडा खाली आलं. दिवसभर ताईच्या चपला घालून बायको बहिणीच्या घरात वावरली, आणि दिवसभर तिने नवऱ्याकडे एकदाही बघितलं नाही.

परतताना एसी मस्त चालला होता. अर्धी वाट सरली. मग थेंबेसाहेबांनी घसा खाकरला.

"तसं बघितलं तर तू दोन तास पंचवीस मिनिटं पूर्ण कोरडी होतीस."

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलायला लागले. आधी त्यांना वाटलं, रडतेय. मग कळलं, हसतेय. "दांडी," ती म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली. "रस्त्याला दांडी लावून डोळे मिटलेत तुम्ही." डोळे पुसून ती म्हणाली, "जाऊ दे. गाडीचा बिचारीचा काही दोष नाही. ठेवा किल्ली तुमच्याकडेच. पण तिच्याखाली पुन्हा जायचं नाही."

"नाही जाणार," थेंबेसाहेब म्हणाले. आपल्या वाट्याला किती चांगली बायको आली, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

उजेड असतानाच ते घरी पोहोचले. इमारतीच्या कुंपणभिंतीवर गाड्यांच्या चटया ओळीने वाळत घातलेल्या होत्या. खाली चार-पाच शेजारी पँट दुमडून उभे होते. दातांचे डॉक्टर अनवाणी होते. वकीलबाई एका हातात स्पंज आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन आपल्या गाडीत वाकल्या होत्या.

"आले, आले," डॉक्टर ओरडले. "साहेब, आता तुम्हीच बघा. सगळ्यांच्या गाड्यांत पाणी. गळतीचं तुमच्याएवढं कुणाला कळतं?"

गाडी थांबली. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"काल मसाल्याचं अख्खं पाकीट मळलंत ना तुम्ही?" तिने हळू विचारलं.

"हो."

"एका नळीला किती लागतो?"

"सुपारीएवढा." ते समोर बघत होते. "उरलेला अर्ध्या तासात दगड झाला असता. आणि बाहेरून आलेल्या सगळ्यांच्याच गाड्या गळत होत्या गं. बघवेना."

बायको वर गेली आणि स्वयंपाकघरातली सुरी घेऊन खाली आली. थेंबेसाहेब एकेका गाडीखाली सरकले. पाचही गाड्यांतली गळती त्यांनी दहा मिनिटांत शोधली, यात नवल ते काय? कापलेली टोकं त्यांनी कुणाला दिसायच्या आत खिशात टाकली.

"म्हणतात ना अनुभव, तो हा," वकीलबाई म्हणाल्या. "पण झालं कशाने?"

"उन्हाळ्यात होतं असं," थेंबेसाहेब म्हणाले.

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनेही वाजवल्या. मग तिने उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. त्यांनी खिशात हात घातला. पाच बुचांमधून चाचपून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

तेव्हापासून गाडी ती चालवते. क्लचची काही तक्रार नाही. थेंबेसाहेब शेजारच्या सीटवर बसतात, आणि तिथली चटई अजून पुरती वाळलेली नाही.