लाइट असून लूम बंद

शेठने उतरवलेला विमा पुरेसा आहे की नाही, यावरून रामनाथच्या घरात उन्हाळाभर वाद चालू होता. तेवढ्या दिवसांत देवकीच्या पित्ताशयातले खडे मात्र काही कमी झाले नव्हते.

रामनाथ नारपोलीत गुलाम हुसेन शेठच्या लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, कारखान्यात मेहता होता. सूत किती आलं, कापड किती गेलं, हजेरी कोणाची लागली, हे सगळं बघणारा माणूस. शेठने आदल्या वर्षी सगळ्या कामगारांचा, त्यांच्या बायकांसकट, दवाखान्याचा विमा उतरवला होता. ही गोष्ट एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची. त्या काळी शेठने ईदला मिठाई वाटली तरी आता पगारातून काय कापणार, असं लोक एकमेकांना विचारत. त्यामुळे विम्यावर कोणाचा भरवसा नव्हता. रामनाथचा होता. पॉलिसी इंग्रजीत होती, त्याने ती दोनदा वाचली होती, आणि त्यातलं काही कळलं नव्हतं म्हणूनच ती भक्कम असणार, असं त्याचं मत होतं.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा देवकी म्हणाली, "आधी तुमचा इमा चालतो का ते दावा. मग मी टेबलावर निजते."

"चालतो का म्हंजे काय गो? ती काय रिक्षा हाय?"

"रिक्षा बरी. बंद पडली तर ढकलता तरी येते."

रात्री तिच्या पोटात कळ आली की ती उशी दाबून बसायची आणि रामनाथ अंधारात छताकडे बघत पडायचा. सकाळी पुन्हा तेच. शेवटी त्याने ठरवलं, एकदा हिला दाखवूनच द्यावं. खरी वेळ आल्यावर जे करायचं, ते सगळं आधी करून बघायचं. नाटकाची करतात तशी रंगीत तालीम. आता आजारी कोणी पडायचं, हा प्रश्न होता. देवकी खोटंखोटं निजायलाही तयार होईना. म्हणून ते काम रामनाथकडे आलं. शेठला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. धर्माची गाय आणि दात का नाय, असं तो म्हणाला असता, आणि त्यात त्याचं चुकलंही नसतं.

दुपारी शेठ जेवायला घरी गेला, आणि देवकी डबा घेऊन आली. तालमीतला पहिला प्रवेश हॉस्पिटलला फोन करायचा होता. फोन कारखान्याच्या कोपऱ्यातल्या ऑफिसात. लूम चालू असले की त्या फोनवर फक्त श्वास ऐकू येतो, तोही आपलाच. रामनाथने यूनुसला खूण केली. यूनुस जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा.

"सगळे बंद कर. मैं बोलूंगा तब चालू कर."

"कितना टाइम, मेहताजी?"

"बोला ना, मैं बोलूंगा."

यूनुसने लूम बंद केले. आता नारपोलीची एक रीत इथे सांगितली पाहिजे. लाइट गेली आणि लूम थांबले, तर ते रोजचंच. लोक चहा प्यायला बाहेर पडतात. पण वर बल्ब पेटलेला आणि खाली लूम गप्प, याचा अर्थ गल्लीत एकच घेतात. कोणाचं तरी मयत झालंय. मग शेजारचाही आपले लूम थांबवतो, आणि मयत उठेपर्यंत कोणी चालू करत नाही. रामनाथला हे चांगलं माहीत होतं. पण त्या वेळी त्याच्या डोक्यात फक्त विमा होता.

"हॅलो, पेशंट सीरियस हाय," रामनाथ म्हणाला. "पोटात. नाव रामनाथ. शेठचा विमा हाय. घेताय ना?"

आयुष्य लूमशेजारी गेल्यामुळे त्याला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. पार शेवटच्या लूमवरच्या माणसालाही ते स्पष्ट ऐकू गेलं. पलीकडून आवाज आला, "घेऊन या."

"ऐकलंस? या म्हनाले," रामनाथने रिसीव्हर ठेवत सांगितलं.

"ऐकलं. या म्हनायला काय जातंय? लग्नाला बी म्हनतात."

दुसरा प्रवेश रिक्षाचा. पेशंट सीरियस असल्यामुळे त्याने आडवं पडायचं, असं देवकीनेच बजावलं होतं. गल्लीतल्या धाकल्या रिक्षावाल्याची रिक्षा समोर उभी होती. रामनाथ देवकीच्या मांडीवर डोकं ठेवून, पाय बाहेर काढून, डोळे मिटून पडला आणि रिक्षा धामणकर नाक्याच्या दिशेने गेली. यूनुसला लूम चालू करायला सांगायचं मात्र राहून गेलं.

"खुद फोन किया, खुद अपना नाम बताया," यूनुस कामगारांना म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मर्द आदमी है."

शेजारच्या कारखान्यातून एकाने डोकावून विचारलं, "लाइट तो है. फिर बंद काय को?"

"मेहताजी को ले गये."

तो माणूस परत गेला आणि त्याचे लूम थांबले. मग त्याच्या पलीकडचे, मग समोरचे. गल्लीत इतकी शांतता झाली की कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली ती सगळ्यांना ऐकू आली. तरी एकदोघांना शंका होती. तेवढ्यात धाकल्या रिकामी रिक्षा घेऊन परत आला. लोकांनी त्याला घेरलं.

"कसा होता रे मेहता?"

"निपचित पडलेला. हाललाच न्हाय," धाकल्या म्हणाला. "भाडं मी सांगितलं तेवढं वहिनींनी दिलं. मेहता काय बोलला न्हाय."

मग कोणाला शंका राहिली नाही. भाड्यावर घासाघीस न करणारा रामनाथ कोणी पाहिलाच नव्हता.

तिकडे हॉस्पिटलच्या काउंटरवर तिसरा प्रवेश चालू होता.

"डिपॉझिट भरा," काउंटरवरची बाई म्हणाली.

"विमा हाय ना."

"असू द्या. पैसे इथे तुम्ही भरायचे. बिलं विमा कंपनीला पाठवायची. ते तपासून नंतर देतात."

"नंतर म्हंजे कदी?"

"ते त्यांना विचारा. पेशंट कुठे आहे?"

"मी," रामनाथ म्हणाला.

बाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

"चला, झाली तालीम," देवकी म्हणाली. "तुमचा इमा चांगला हाय. ज्याच्याकडं पैसे हायत त्याच्यासाठी." ती जिंकली होती. पण नुसती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. सुटल्यासारखीही दिसत होती. रामनाथला ते खटकलं, पण तो इतका खजील झाला होता की त्याने विचारलं नाही.

दोघं चालतच परतली. नारपोली जवळ आली तरी खटखट ऐकू येईना. "लाइट गेली वाटतं," रामनाथ म्हणाला. मग त्याला पहिल्या कारखान्यात पेटलेला बल्ब दिसला. त्याने टोपी काढून हातात घेतली. त्याच्या चाळीसमोर गर्दी होती. तो मागे उभा राहिला आणि पुढच्या माणसाला हळूच विचारलं, "कोन गेलं?"

"रामनाथ मेहता," तो माणूस मागे न बघता म्हणाला. "माणूस चांगला होता. चिकट होता, पण चांगला होता."

"चिकट?" रामनाथ म्हणाला.

त्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि तो होता तिथेच खाली बसला.

पुढे काही वेळ कोण काय बोलत होतं ते कोणालाच कळलं नाही. गुलाम हुसेन शेठ दारात खुर्चीवर बसून रडत होता. त्याने रामनाथचे दोन्ही दंड चाचपून पाहिले आणि मग त्याच हाताने त्याच्या पाठीत एक रट्टा दिला. रामनाथने सगळं कबूल केलं. फोन, रिक्षा, डिपॉझिट, सगळं.

"अरे, मला विचारायचं ना," शेठ म्हणाला.

"तुमाला माहीत होतं, पैसे आधी भरायचे ते?"

"नाही," शेठ म्हणाला. "मी वाचली कुठे? इंग्रजीत आहे ना ती."

ओट्यावर यूनुसचा रुमाल पसरलेला होता आणि त्यात नोटांचा ढीग होता. कामगार गेला की त्याच्या बायकोसाठी गल्ली वर्गणी काढते, तशी काढली होती. रामनाथ तो रुमाल घेऊन एकेकाच्या पुढे गेला. कोणी हात पुढे करेना.

"मयताला काढलेला पैसा परत घरात न्यायचा नसतो," शेजारची धोंडूबाई म्हणाली.

"अगो मावशे, पन मयत कुटं हाय?"

"ते तुझं तू बघ. आम्ही आमचं केलं."

शेठनेही मान हलवली. "दिया सो दिया. डिपॉझिट भर याच्यातून."

सगळ्यांनी देवकीकडे पाहिलं. देवकीने रुमालाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझं आता दुखत न्हाय."

कोणी हसलं नाही. ती ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावला. "मला भ्या वाटतं. माझी आय टेबलावर गेली ती परत आलीच न्हाय." आणि मग, "तिच्यासाठी तवा बाहेर कोन बसलं व्हतं का न्हाय, काय म्हाईत."

रामनाथला वाईट वाटलं. उन्हाळाभर त्याने पॉलिसी उलटसुलट करून पाहिली होती, पण बायकोला काय वाटतं ते एकदाही विचारलं नव्हतं. तो तिच्या शेजारी बसला. "मी बसेन की बाहेर," तो म्हणाला.

"मी पन येते," धोंडूबाई म्हणाली. "ह्याचा काय नेम न्हाय. हा बसल्या बसल्या मरायचा."

तेव्हा देवकीला हसू आलं. हसताना पोटात कळ आली, म्हणून तिने रामनाथचा हात धरला.

यूनुस अजून दारातच उभा होता. "मेहताजी, लूम?"

"चालू कर बाबा."

ऑपरेशन नीट झालं. बाहेर अर्धी गल्ली बसली होती, आणि पेशंट नक्की कोण, असं नर्सने दोनदा विचारलं. विमा कंपनीचे पैसेही आले. पावसाळा आणि दिवाळी उलटून गेल्यावर आले, कापूस आणि हातमोजे यांचे कापून आले, पण आले. रामनाथ ते वाटायला निघाला, तर पुन्हा कोणी घेईना. मग शेठने ते एका बिस्किटाच्या डब्यात घालून ऑफिसातल्या कपाटात ठेवले. कोणाला ॲडमिट करायची वेळ आली की डिपॉझिट त्यातून भरायचं, आणि विम्याचे पैसे आले की परत त्यात टाकायचे. त्याला सगळे मेहताजींचा मयत डबा म्हणू लागले. रामनाथ आधी चिडायचा. पुढे तो स्वतःच त्याची किल्ली कमरेला लावून फिरू लागला.

नवा कामगार लागला की कधीतरी विचारतोच, शेठचा विमा पुरतो का. एकदा देवकी डबा घेऊन आली असताना एकाने विचारलं. तिने एकवार रामनाथकडे पाहिलं.

"पुरतो की," ती म्हणाली. "फकस्त आधी एकदा कोनीतरी मरावं लागतं. ते आमच्याकडनं झालंय."